साळिंदराच्या कपारीतली पोथी

भोर संस्थान आता राहिलं नाही. तांब्याच्या हंड्याची चौकशी करायला आता कोणी येणार नाही, म्हणून हे लिहायला बसले. कोणाला दाखवायचं नाही. मनात राहून राहून त्यातलं बरंच विसरायला लागले आहे, एवढंच कारण.

माझं माहेर किकवीचं. तिथं सडकेला लागून शाळा होती आणि वडिलांनी मला चौथीपर्यंत जाऊ दिलं. पुढं लग्न होऊन मी वेल्ह्याकडच्या डोंगरात आले. त्या गावात शाळा नव्हती. पाटलांना मोडीतली सही यायची, तेवढीच गावाची विद्या. शिकलेली मी एकटी, आणि त्याची मला लाजच वाटायची. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "शिकलेल्या बाईची भाकर बघा गं, चौकोनी व्हती का काय." मी खाली बघून घागर उचलायचे. मुळात मला बोलायला सुचत नसे. त्यात आमच्याकडचं वळण असं, की सुनेनं सासऱ्याशी समोरून बोलायचं नाही. मामंजींना काही सांगायचं असलं तर मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, हळू सांगायची. त्या तेच मोठ्यानं त्यांना सांगायच्या, मग ते हातभर अंतरावर का बसलेले असेनात. त्यांनी मात्र सगळं आधीच ऐकलेलं असायचं. तरी दुसऱ्यांदा ऐकून ते मान हलवायचे.

त्या साली साळिंदरांनी परड्यातली कोनफळं पार उकरून खाल्ली. चैत्रात मामंजी आणि गावातली काही माणसं कुदळी घेऊन डोंगरावर त्यांचं बीळ शोधायला गेली. एका कपारीत आत आत उकरत गेल्यावर दगडांची भिंत लागली. एकावर एक नीट बसवलेले दगड. जनावर काही दगड रचत नाही. तेव्हा सगळ्यांच्याच मनात एकच विचार आला, की हे धन आहे. दगड काढले तर मागं तांब्याचा हंडा, तोंडावर फडकं आणि त्यावर लाख ओतून बंद केलेला. मामंजींनी उचलला आणि म्हणाले, "हलका हाय." तरी कोणाचा विश्वास बसेना.

हंडा भैरोबाच्या देवळापुढं आणून पाटलांसमोर फोडला. आत कापडात बांधलेल्या पोथ्या निघाल्या. कापड हात लावताच भुगा होत होतं. दोन पोथ्यांची तर कसरीनं आतून चाळण केली होती, पान उचललं की त्याची राख व्हायची. एकच पोथी बरी होती. खाली-वर लाकडी फळ्या, मध्ये लांबट पानं, जाड आणि पिवळी, कोपरे खाल्लेले.

"भोरला न्हेऊन दावा कुणाला तरी," एकजण म्हणाला.

"आनि तितं काय सांगू?" पाटील म्हणाले. "हंड्यात कागुद सापडला म्हणून? कोन इस्वास ठेवंल? सोनं कुठं दडिवलं म्हणून समद्या गावाला चावडीवर बशिवतील. हंडा घावलाच न्हाई. समजलं का?"

सगळ्यांना समजलं. त्यामुळं ज्यांना ती वाचता आली असती अशा शहाण्या माणसांकडं ती पोथी कधी गेलीच नाही.

पण देवाची वस्तू सापडली म्हटल्यावर तिची पूजा व्हायला हवी. गुरवानं ती पाटावर मांडली. वर कुठली बाजू आणि खाली कुठली हे कोणाला कळत नव्हतं, जशी हाताला आली तशी ठेवली. समई लावली, तेलाचं बोट फिरवलं, हळद-कुंकू वाहिलं. मग मामंजींनी, हंडा त्यांना सापडला म्हणून, आपल्या हातानं तिच्यावर तांब्याभर पाणी घातलं आणि वर नारळाचं पाणी. भैरोबाला घालतात तसंच. मनापासून केलं. मी बायकांच्या घोळक्यात मागं उभी होते. शाई पाटावरून काळी होऊन ओघळताना मला दिसली. शाळेत पाटी पुसताना दिसते तशी. पण मी काही बोलले नाही, आणि मी बोलले असते तरी तिथं कोणाला ऐकू जाणार होतं.

नंतर प्रश्न पडला, पोथीचं करायचं काय. गुरव म्हणाला, कोपरे खाल्लेत, म्हणजे खंडित झाली. खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात, तसंच पोथीचं. कोणी म्हणालं, असू द्या देवळात. मग देवालाच विचारायचं ठरलं. गुरवानं देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या आणि म्हणाला, ठेवायची असंल तर उजवा कौल दे, सोडायची असंल तर डावा. सगळे बसून राहिले. बऱ्याच वेळानं डावीकडची कळी पडली.

चैत्रात नदीला वाहतं पाणी नव्हतं, नुसते डोह होते. म्हणून ठरलं, की भाद्रपदात गौरी सोडायला जाऊ तेव्हा पोथी सोडायची. तोवर ती आमच्या घरात, मामंजींच्या ताब्यात. बाईमाणसानं हात लावायचा नाही, हेही गुरवानं बजावलं.

मामंजींना दम्याचा त्रास होता. त्या उन्हाळ्यात तो वाढला आणि ते शेतावर जाईनासे झाले. दिवसभर पडवीत बसायचे आणि फळीवरच्या पोथीकडं बघायचे. एके दिवशी आत्याबाईंना म्हणाले, "कुनीतरी त्या पोथीसाटी भित रचली. डोंगरावर दगुड वाहून न्हेलं. उगी कोन न्हेतं का?"

"न्हेलं आसंल. तुमाला काय त्याचं?"

"मला ऐकायचंय त्यात काय हाय. पान्यात जायच्या आदी एकडाव ऐकायचंय. सुनंला इचारा, चार बुकं शिकलीया न्हवं?"

आत्याबाईंनी माझ्याकडं वळून विचारलं. माझे कान तापले.

मामंजींनी पोथी सोडली, कोरडं होतं त्या बाजूचं एक पान काढलं आणि दाराच्या उजेडात दोन्ही हातांनी धरलं. मी उंबऱ्याच्या आत उभी राहून बघितलं. अक्षरं बाळबोधच होती. पण मला काहीच लागेना. मग मी आत्याबाईंना हळूच म्हटलं, "पान उलटं धरलंय, म्हणावं."

"आवं, उलटं धरलंय तुमी."

"मंग तिला कसं कळलं?"

"तिला कळलं म्हणून तर सांगतीया. फिरवा."

पान फिरवलं तरी अडचण गेली नाही. शाळेच्या पुस्तकात शब्दाशब्दांमध्ये जागा असते. इथं जागाच नव्हती. एका ओळीत सगळी अक्षरं खांद्याला खांदा लावून उभी, कुठं कोणाचं संपतं आणि कुठं कोणाचं सुरू होतं ते कळेना. मी एक एक अक्षर ओळखत होते आणि अर्थ लागत नव्हता. बराच वेळ बघून मी मान खाली घातली. मामंजींनी पान परत ठेवलं. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दळायला बसले. डोक्यात त्या पानावरची वरची अक्षरं घोळत होती, ती काही जात नव्हती. जात्याला हात लागला की तोंडात ओवी येतेच. मी माहेरची एक ओवी म्हणत होते आणि मध्येच तिच्या चालीत ती अक्षरं म्हणून बघितली. जातं फिरत होतं. खुंटा अंगाजवळ येतो तिथं आवाज टेकतो, लांब जातो तिथं सैल होतो. जिथं आवाज टेकला तिथं अक्षरं आपोआप सुटी झाली. तीन ठिकाणी यमक जुळलं आणि चौथा तुकडा आखूड निघाला. ती ओवीच होती. दोनतीन शब्द जुने होते, कळले नाहीत, पण बाकीचं कळलं. देव कुठं उतरला आणि कोणाच्या दारात थांबला, ते त्यात होतं. मी तेच पुन्हा पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

पडवीतली खोकल्याची उबळ थांबली. मामंजी ऐकत होते.

जात्यावर गाणाऱ्या सुनेचा आवाज सासऱ्याच्या कानावर पडला तर त्यात काही वावगं नाही. साऱ्या गावात तो पडतच असतो. मग आमचा तोच रिवाज झाला. दुपारी मामंजी दारात बसून पान धरायचे, सरळ. मी उंबऱ्याआड बसून मनात म्हणत म्हणत तोंडपाठ करायची. पहाटे जात्यावर गायची. कधी एका दळणात पान व्हायचं, कधी अर्धंच. दळण नसलं तर आत्याबाई कुठून तरी नाचणीचं सूप काढून आणायच्या आणि म्हणायच्या, "घे, म्हातारं वाट बघतंय."

पोथीत एका साधूची कथा होती. तो आणि त्याचे चेले गावोगाव हिंडत, आणि तो त्यांना वागायचं कसं ते सांगे. एका पानावर असं होतं, की चेल्याला पाणी आणायला पाठवलं. वाटेत चिखलात रुतलेलं वासरू त्याला दिसलं. तो ते काढायला थांबला, इकडं गुरू तहानलेला. एवढ्यावर पान संपलं आणि पुढचं पान भलतंच निघालं, ते तीर्थांचं होतं. पानं मागं-पुढं झाली होती.

मामंजींना ते वासरू काही सोडेना. ते आत्याबाईंना विचारायचे, "निघालं का त्ये?"

"मला काय म्हाईत? मी काय चिखलात हुते?"

"तिला इचारा की."

"ती म्हणतीया अजून पान घावलं न्हाई."

"गाईचं व्हतं का म्हशीचं?"

"पोथीत म्हशीचं कशाला आसंल? गाईचंच आसंल."

पाऊस लागला, लावण्या झाल्या. दळणं चालू राहिली. कोरडं होतं ते वाचून होत आलं. उरली ती पूजेच्या वेळी भिजलेली थप्पी. ती वाळून विटेसारखी झाली होती, पान पानाला चिकटलेलं. मामंजींनी नखानं उचकटून बघितलं तर कोपराच तुटून हातात आला. मग त्यांनी तिला हात लावला नाही. त्यांचा दमा आता असा झाला होता, की परड्यात जाऊन आले तरी भिंतीला धरून उभे राहायचे. आत्याबाई मला एकदा चुलीपाशी म्हणाल्या, "त्यास्नी समदं ऐकायचंय. फुडल्या सालापत्तुर कोन ऱ्हातंय." आणि फुंकणी उचलून चूल फुंकायला लागल्या, विस्तव चांगला पेटलेला असताना.

गौरीचा दिवस आला. आम्ही बायका गौरी घेऊन कानंदी नदीवर निघालो, पुढं गडी माणसं ताशा वाजवत. मामंजींनी पोथी डोक्यावर घेतली होती. मध्ये मध्ये थांबत आले. नदी तपकिरी होऊन जोरात वाहत होती. गौरी सोडल्या. मग गुरव म्हणाला, "आता पोथी."

मामंजी गुडघाभर पाण्यात उतरले. फळ्या सोडल्या. कोरडी पानं उचलून त्यांनी पाण्यावर ठेवली. ती लगेच बुडाली नाहीत. एकामागं एक तरंगत गेली, वळणापर्यंत दिसत होती. मग त्यांच्या हातात ती चिकटलेली थप्पी राहिली. ते ती धरून तसेच उभे राहिले. मग वळून त्यांनी सगळ्या गावासमोर, आत्याबाईंना मध्ये न घालता, मला विचारलं, "सूनबाई, वाचायचं ऱ्हायलंय का यातलं?"

ताशा थांबला होता. सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर ओढून घेतला. आत्याबाईंकडं बघितलं तर त्या नदीकडं बघत होत्या, मुद्दामच.

"व्हय जी," मी म्हटलं. "ऱ्हायलंय."

"मंग ही ऱ्हाऊ द्या," मामंजी गुरवाला म्हणाले आणि पाण्याबाहेर आले.

"देवाचा कौल हाय, तात्या. डावा पडलाय."

"म्या कुठं न्हाई म्हंतो. सोडायची म्हनला देव. कवा सोडायची, ते इचारलं व्हतं का तुमी?"

"विटंत आता काय वाचनार?" मागून कोणीतरी म्हटलं आणि दोघं-तिघं हसले. पाटील म्हणाले, "जाऊ द्या त्याला. थंडी भरंल." थप्पी उपरण्यात गुंडाळून मामंजी घरी आले.

ती सोडवायची युक्ती आत्याबाईंची. पापड एकमेकांना चिकटले तर त्या वाफेवर धरायच्या. तसं त्यांनी चुलीवर पातेलं ठेवलं, वर चाळण आणि चाळणीवर थप्पी. थोडी वाफ लागली की काढायची आणि पान उलगडून बघायचं. त्यांची बोटं भाकरी थापून जाड झालेली, पान धरता येईना. त्या मला म्हणाल्या, "धर की गं तू. तुजी बोटं बारीक हायत." मी मामंजींकडं बघितलं, कारण बाईनं हात लावायचा नव्हता. त्यांनी मान दुसरीकडं फिरवली. तेव्हा मी पहिल्यांदा त्या पानांना हात लावला. धान्याच्या रिकाम्या कणगीला येतो तसा वास होता.

बरीच फाटली. काहींवर हळद आणि शाई मिळून नुसता डाग उरला होता. थोडी पानं धड निघाली. वासराचं पान त्यात नव्हतं, किंवा डागांपैकीच एक ते असेल. सगळ्यात वरचं, म्हणजे पूजेच्या दिवशी सगळ्यात जास्त पाणी लागलेलं पान हे खरं तर पोथीचं शेवटचं पान होतं. पोथी उलटी ठेवली गेली होती. त्याच्या मधल्या ओळी वाचता येत होत्या.

ती कथा नव्हती. ते लिहिणाऱ्याचं स्वतःचं बोलणं होतं. मान वाकवून, पाठ मोडून, डोळे ताणून मी हे लिहिलं आहे, असं त्यानं म्हटलं होतं. ज्याच्या हाती ही पोथी येईल त्याला त्यानं हात जोडून विनवलं होतं, की हिला पाण्यापासून जप, तेलापासून जप, सैल बांधू नको, लेकरासारखी सांभाळ.

मी ते दोनदा वाचलं. आत्याबाई विचारत होत्या, "काय हाय गं?" मी म्हटलं, "उद्या म्हणते."

पहाटे जात्यावर बसले. ते म्हणू नये असं वाटत होतं. पण पोथीत आहे ते म्हणायचं असं ठरलेलं होतं आणि मामंजी त्याचीच वाट बघत होते. मी म्हटलं. पाण्यापाशी आले तेव्हा जातं थांबलं. पडवीतून आवाज आला, "फुडं म्हण." मी शेवटपर्यंत म्हटलं.

त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. आत्याबाई ताट घेऊन बसल्या होत्या. "तुमी काय मुद्दाम केलं व्हय? देव म्हणून घातलं पानी."

"मुद्दाम न्हाई केलं म्हणून त्ये भिजायचं ऱ्हायलं का?"

आत्याबाईंनी ताट उचलून आत नेलं. थोड्या वेळानं मामंजींनी मलाच विचारलं. नदीवर एकदा बोलणं झाल्यावर आता मध्ये कोणी लागत नव्हतं. "नाव सांगितलंय का गं त्यानं?"

"न्हाई जी. नाव लिवलं असंल तितं कसरीनं खाल्लंय. भोकच हाय."

"गाव?"

"न्हाई."

उरलेली पानं त्यांनी कोरड्या फडक्यात बांधून माळ्यावर, चुलीच्या धुराच्या वाटेवर, भाताच्या बियाण्यात ठेवायला लावली. आमच्या घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच. अजून ती तिथंच आहेत.

गौरी गेल्या की पितरांचा पंधरवडा लागतो. ज्यांची तिथी माहीत नाही अशांना शेवटच्या अवसेला जेवू घालतात. त्या दिवशी आम्ही घरातल्या पितरांची पानं वाढत होतो. मामंजी म्हणाले, "एक पान जादा वाढा."

"कुणाचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"त्याचं. लिवनाराचं."

"आवं, त्येचं नाव ठावं न्हाई, जात ठावी न्हाई. आपला न्हाई, भावकीतला न्हाई."

"म्हणून तर आज वाढायचं. तिथी ठावी असती तर त्याच्या तिथीला वाढलं असतं."

आत्याबाईंनी पान वाढलं. भात, वडे, खीर, आळूची भाजी, घरातल्यांना होतं ते सगळं. शेवटी पाण्याचा तांब्या ठेवायला गेल्या, तर मामंजींनी हात आडवा धरला. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मान्सालाच वाढलंय न्हवं? त्येला तान लागंल की."

मामंजींनी हात मागं घेतला. मग म्हणाले, "ठिवा. पर जरा लांब ठिवा."

आत्याबाईंनी तांब्या पानापासून हातभर दूर ठेवला. मामंजी त्या पानासमोर बसले आणि त्यांनी हात जोडले. मार्गशीर्षात ते गेले.